बिनदांडीची सायकल

माझं डोकं तापायला कारण लागत नाही, असं घरचे म्हणतात. म्हणू देत. त्या वर्षी मात्र कारण होतं आणि ते माझ्याच पायात होतं. उजवा गुडघा! सायकलवर टांग टाकायला पाय मागं उचलला की अर्ध्यातच अडकायचा, आणि मी हँडल धरून नुसता लंगडी घालत राहायचो. ज्या काळ्या सायकलीवर उसाच्या वाढ्याचे भारे वाहून म्हशी जगवल्या, तिच्यावर मला बसताच येईना.

शेत गावापासून तीन किलोमीटर, ढोकीच्या वाटेला. एवढं चालणं त्या गुडघ्याला झेपत नव्हतं. पोरगा म्हणाला, "दादा, मी गाडीवर सोडत जाईन की." सोडलं त्यानं, आठ दिवस. पण त्याला सवड होईल तेव्हा निघायचं आणि तो न्यायला येईपर्यंत बांधावर बसायचं. अहो, उसाला पाणी द्यायचं तर वीज काय पोराची सवड बघून येती का? आपल्याच शेतात पावण्यासारखं जायचं, ह्याचा मला लई संताप यायचा. आणि भीतीही वाटायची, खोटं कशाला बोलू. आज सायकल सुटली, उद्या शेत सुटणार, परवा उंबऱ्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठं निघालाव?" विचारत बसायचं.

गोठ्यात लेकीची सायकल उभी होती. आठवीत शाळेतनं मिळालेली, निळी, पुढं जाळीची बास्केट, आणि मधी दांडी नाही. लेक नांदायला गेली, सायकल राहिली. एका सकाळी मी ती पुसली, हवा भरली, पाय सरळ मधनं पलीकडं टाकला आणि बसलो. झालं! टांग नाही, उडी नाही, कळ नाही. आणि मागं वाढ्याचा भारा कितीही उंच बांधा, त्याच्यावरनं पाय न्यायचाच नाही. मला तर स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं भाऱ्यावरनं तंगडी फेकायची कसरत मी कशापायी केली?

पण सायकल लेडीज. मिशा पांढऱ्या झालेला गडी आणि पुढं बास्केट! गावातनं जायची हिंमत होईना, म्हणून मी मागच्या पांदीनं जायचो. कुणी भेटलंच आणि "काय ओ, सायकल बदलली जणू?" म्हणालं, तर चटकन सांगायचो, "माझी न्हाई, लेकीची हाय. पंक्चर काढाय चाललोय." दोन महिने त्या सायकलचं पंक्चर निघतच होतं.

मग येळवस, म्हणजे वेळा अमावस्या आली. आमच्याकडं येळवशीला गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. सगळं गाव भज्जी, उंडे, भाकरी घेऊन शेतात जातं, कडब्याच्या खोपीत पूजा करतं आणि दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवतं. म्हणजे पांदसुद्धा माणसांनी भरणार. त्यात जावयाची ही पहिलीच येळवस. सासरा बास्केटवाल्या सायकलवर? छे!

दोन दिवस आधी मी ढोकीला गेलो. तिथं एक वेल्डिंगवाला उसाच्या ट्रॉल्या जोडतो. त्याला म्हणलं, "हिला मधी एक दांडी जोड." त्यानं सायकलकडं बघितलं, मग माझ्या गुडघ्याकडं. "दादा, नक्की?"

"तू जोड. अक्कल नगं शिकवू."

त्यानं पाइप जोडला, निळा रंगही मारून दिला. बास्केट मी काढून टाकली. लांबनं अगदी जेंट्स! बसायचं कसं, तर घरी ओट्यावर उभं राहून आणि शेतात हौदाच्या कठड्यावरनं. मधी कुठं थांबायचंच नाही, असा माझा बेत.

येळवशीच्या सकाळी पूजेच्या आंबिलीचं मातीचं बिंदगं चुंबळीत बसवून कॅरिअरला ट्यूबनं आवळलं, ओट्यावरनं स्वार झालो आणि निघालो. बायको, लेक आणि जावई पोराच्या जीपमधनं मागं. अर्ध्या वाटेत समोरनं माणसांनी भरलेली ट्रॉली आली. पांद अरुंद. उतरावं लागलं. ट्रॉलीवाला आमचा माणूस, माझ्यासाठी थांबला आणि म्हणाला, "जावा तुम्ही म्होरं."

आता बसायचं कसं? मागनं टांग टाकावी, तर आंबिलीचं मडकं. दांडीवरनं टाकावी, तर गुडघा. पन्नास माणसं बघायलेत. मी देवाचं नाव घेऊन पाय उचलला, तो दांडीवर अडकला, आणि सायकल एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, आंबील मातीत. ट्रॉलीतल्या बायांनी तोंडाला पदर लावले.

सगळे जीपमधनं उतरून पळत आले. लागलं फारसं नव्हतं, पण पोरगा भडकला. "बास झालं दादा. आजपासनं सायकल बंद. मीच सोडीन, मीच आणीन." नाही म्हणायला तोंड होतं कुठं?

लेक मात्र सायकलपाशी उकिडवी बसली होती. वेल्डिंगवरनं बोट फिरवत म्हणाली, "दादा, हे काय?"

"दांडी."

"ते दिसतंय. कशाला?"

मी धोतरावरची माती झटकायला लागलो.

"आठवीत ही सायकल घरी आणली, तवा मी रडले होते. मला भावासारखी दांडीची पायजे म्हणून. तुम्ही काय म्हणलाव, ध्यानात हाय का? 'सायकल चालवायची हाय का मिरवायची?'"

जावई एकदम वळून हरभरा बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. मला आधी राग आला, मग असं हसू फुटलं की थांबेना. लेक हसली नाही. ती भावाकडं वळली. "आन तू बंद करणारा कोण रे? सायकल माझी हाय. उद्या ही दांडी काढायची. दादाच चालवणार."

पोरानं पडलेली सायकल उचलून उभी केली. पूजेला शेजारच्या शेतातनं तांब्याभर आंबील आली आणि त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

वेल्डिंगवाल्यानं दुसऱ्या दिवशी एक शब्द न बोलता दांडी कापली. कापल्या जागी दोन खडबडीत गाठी राहिल्यात, धोतर कधी कधी अडकतं. बास्केटही परत बसवली, तिच्यात माझा डबा आणि विळा मावतो. आता मी पांदीनं जात नाही, गावातनं जातो. परवा पारावरनं एकानं मुद्दाम आवाज टाकला, "काय ओ, कुणाची सायकल?"

"लेकीची हाय," मी म्हणलं. "तिनं मला दिलीय."

आणि थांबलो नाही. वीज यायची वेळ झाली होती.