पोळ्याच्या सकाळी गेलेली मानाची जोडी

दर पोळ्याला ती बैलजोडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. निवृत्तीनंतर मोठमोठे गुन्हे मी विसरत चाललो आहे, त्यांतल्या आरोपींचे चेहरेसुद्धा आठवत नाहीत. ही साधी जनावरचोरीची तक्रार मात्र जशीच्या तशी लक्षात आहे.

तेव्हा मी सिंदखेड राजा तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पोळा म्हणजे बैलांचा सण, त्यात पोलिसांचं काय काम? अहो, काम असतं म्हणूनच त्या दिवशी आमच्या रजा बंद असतात. गावाच्या वेशीत तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी कोणाची जायची, हा मान ठरलेला असतो. ट्रॅक्टर आले, गावात बैल मोजके उरले, पण मानावरून डोकी फोडायची हौस काही कमी झाली नाही. त्यामुळे बंदोबस्ताच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच असायचा, की यंदा मानाचा वाद कोणत्या गावात आहे?

त्या वर्षी वाद होता दुसरबीडजवळच्या एका गावात, आणि तोही एकाच घरातल्या दोन भावांचा. थोरला शिकून अमेरिकेला गेला आणि तिकडेच स्थिरावला. धाकट्याने शेती, गोठा आणि म्हातारे वडील सांभाळले. वडिलांच्या हातून कासरा सुटल्यापासून मानाची जोडी धाकटाच तोरणाखालून नेत असे. त्या वर्षी थोरला बायकोमुलांना घेऊन खास पोळ्यासाठी आला आणि म्हणाला, थोरला मी आहे, मान माझा. धाकटा म्हणाला, बैल मी पोसतो. झालं, गावाचे दोन तट पडले आणि दोन्हीकडून काठ्या तेल पिऊ लागल्या.

पोळ्याच्या सकाळी मी बंदोबस्ताला माणसं पाठवत होतो, तोच थोरला भाऊ ठाण्यात आला. उन्हाने लाल झालेला चेहरा, अंगावर नवा कोरा झब्बा.

"साहेब, आमची बैलजोडी चोरीला गेली आहे. काल संध्याकाळी खांदेमळणी झाली, बैलांच्या खांद्यांना मीच हळद-लोणी चोळलं. सकाळी गोठा रिकामा. माझ्या भावाने जोडी लपवली आहे. मला मान मिळू नये म्हणून."

"वडील काय म्हणतात?"

"ते पहाटेच महादेवाच्या देवळात गेले. त्यांना अजून माहीतही नसेल."

नाव घेऊन तक्रार होती. गुन्हा दाखल करायचा म्हणजे ऐन पोळ्याच्या दिवशी सख्ख्या भावाला आणून बसवायचं. गावात त्याचे पाठीराखे गप्प बसले नसते. मी ठाणे अंमलदाराला डायरीला नोंद घ्यायला सांगितली आणि धाकट्याला चौकशीला बोलावून घेतलं.

तो येईपर्यंत आमच्या बीट हवालदाराचा फोन आला. रस्त्यावरच्या एका पानटपरीवाल्याने त्याला खबर दिली होती. सकाळी एक जोडी साखरखेर्ड्याच्या दिशेने गेली, खांद्यांना ताजी हळद होती. टपरीवाल्याला नवल वाटलं, कारण पोळ्याच्या दिवशी कोणी आपला बैल गावाबाहेर काढत नाही. सोबत एकच माणूस होता, डोक्यावरून शेला घेतलेला, त्यामुळे तोंड काही दिसलं नव्हतं.

धाकटा आला. त्याला समोर बसवून मी चहा मागवला. चौकशीत चहा ही फार उपयोगी वस्तू आहे. माणूस तोंडाने खोटं बोलतो, हातातल्या कपाशी खोटं बोलत नाही.

"बैल कुठं हायेत?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. मीही वऱ्हाडीच.

"मले काय मालूम साहेब?"

"तुमच्या भावाचा तुमच्यावर संशय हाय."

"त्याले संशय घ्याले काय लागते? पंधरवड्यासाठी येते, फोटो काढते अन् जाते. बाबा न्हाणीत पडले तवा हा कुठं होता? मी खांद्यावर घेऊन दवाखान्यात गेलो. सारं गाव विचारते, थोरला कवा येईन, थोरला कवा येईन. गेलेल्याची साऱ्यायले वाट. जो राह्यला त्याची कोण वाट पाह्यते?"

शेजारच्या बाकावर थोरला बसला होता. तो उसळला. "आणि मी काय तिकडं मजा मारतो? तिथं मी बाहेरचा आणि इथं आलो की पाहुणा. घरात काही ठरवायचं असेल तर मला विचारत नाहीत, ठरल्यावर सांगतात. पोरांना मी लहानपणापासून सांगत आलोय, आपल्या घराचा पोळ्याला मान असतो. एवढं एक मागितलं मी."

दोघांचंही खरं होतं. मला दोघांचाही राग आला आणि दोघांची दयाही आली.

पण एक गोष्ट मला खटकत होती. धाकटा भावावर चिडला होता, बैलांसाठी मात्र घाबरला नव्हता. ज्याची जोडी सणाच्या दिवशी चोरीला जाते, तो शेतकरी चहा गोड मानून पीत नाही. तो खुर्चीत टिकतच नाही. हा बिस्कीट बुडवून खात होता. म्हणजे बैल कुठे आहेत ते याला ठाऊक होतं, आणि ते सुखरूप आहेत हेही ठाऊक होतं. पण त्यानेच लपवले असते तर त्याच्या नजरेत थोडी तरी लबाडी दिसली असती. तशी काही दिसत नव्हती.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साखरखेर्ड्याकडं कोण हाय तुमचं?"

त्याचा कप ओठापाशी थांबला. उत्तर थोरल्याने दिलं. "आमची बहीण दिली आहे तिकडे. का?"

मी दोघांनाही जीपमध्ये घातलं.

बहिणीच्या शेतातल्या गोठ्यात जोडी निवांत कडबा खात होती आणि समोर उंबऱ्यावर त्यांचे वडील बसले होते. बहीण आम्हाला पाहून पदर सावरत म्हणाली, "मी बाबाले म्हणलं होतं, पोलीस येतीन."

म्हातारा उठला नाही. "या साहेब. कोणाची चोरी झाली म्हणता? बैल माहे, बजाराची पावती माह्या नावावर. मी माह्याच बैलाची चोरी केली काय?"

कायद्याने त्याचं बरोबर होतं. मालकानेच माल नेला तर चोरी कसली? आमची केस तिथेच संपली होती. तरी मी विचारलं, "पण काऊन नेले बाबा?"

"जोडी राह्यली असती तं आज तोरणाखाली भांडण झालं असतं. म्हणलं, बैलच नसले तं भांडतीन कायच्यावर?" मग त्याचा आवाज बदलला. थोरल्याकडे न पाहता तो मला सांगू लागला. "साहेब, आता हा परत जाईन. जाताना हे भांडण डोक्यात घेऊन गेला तं मंग परत येईन कायले? मी जिवंत हाओ तवरच दोघायची तोंडं एकमेकाकडं हायेत. मले भेव वाटलं."

थोरला खाली मान घालून उभा होता. त्याने भावाला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"गोठ्यात गेलो तवाच समजलं. दावं गुंडाळून खुटीले अडकवलं होतं. चोर कधी दावं गुंडाळते काय? ती सवय बाबाची."

"मंग सांगितलं काऊन नाही मले?" इतक्या वेळात पहिल्यांदा तो घरच्या भाषेत बोलला.

"तू तक्रारीत माहं नाव देल्लं, दे. मी पोलिसाले बापाचं नाव सांगू काय?"

थोरल्याने त्याचा हात धरला. बोलायला गेला आणि रडला. मी गोठ्यात जाऊन बैलांना पाणी पाजलं, कारण अशा वेळी वर्दीने समोर उभं राहू नये.

जोडी टेम्पोत चढवून आणि म्हाताऱ्याला जीपमध्ये घेऊन गावात परतलो तेव्हा पोळा भरत आला होता. लोकांना वाटलं, आता पोलीस काहीतरी फैसला देणार. धाकट्याने गर्दीसमोर कासरा थोरल्याच्या हातात दिला. "घे. पोरं पाहाले आले तुये." थोरल्याने कासरा ओढला, पण बैल काही जागचे हलेनात. अनोळखी हाताला ते कशाला हलतील? शेवटी धाकट्यानेच बैलाच्या मानेवर हात ठेवला, जीभ टाळ्याला लावून आवाज काढला आणि जोडी चालू लागली. एकाच्या हातात कासरा, दुसऱ्याचा हात मानेवर, असे दोघे तोरणाखालून गेले. काठ्या आणलेली माणसंच सगळ्यांत मोठ्याने हसत होती. म्हातारा मात्र हसला नाही, उपरण्याने नुसते डोळे पुसत राहिला.

संध्याकाळी दोघे तक्रार निकाली काढायला ठाण्यात आले. आमच्या लेखनिकाने थोरल्याचा जबाब घ्यायला कागद ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, धंदा लिहिला. मग ठरलेल्या सुरात विचारलं, "राहणार?"

थोरला थांबला. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"लिवा साहेब," धाकटा म्हणाला, "राहणार इथलाच. हल्ली मुक्काम अमेरिका."

लेखनिकाने तसंच लिहिलं.

या प्रकरणाने मला काही नवा कायदा शिकवला नाही. एवढं मात्र कळलं, की घरातली बरीचशी भांडणं वाट्यावरून होत नाहीत, आपण या घरात मोजले जातो की नाही यावरून होतात. आता माझा थोरला मुलगा कॅनडात आहे. कोणी विचारलं तर मी सांगतो, राहणार बुलडाणा, हल्ली मुक्काम तिकडचा. आणि धाकटा रोज संध्याकाळी कामावरून येतो, तेव्हा मी फाटकापाशी उभा असतो. तो वैतागतो, "बाबा, रोजच तं येतो मी. असे उभे काऊन राह्यता?"

मी म्हणतो, "तुयीच वाट पाहून राह्यलो बे."