सेनापतीचे सोनेरी पंख

कवळ्या बनवायचा म्हणून गल्लीत सगळे त्याला कवळीभाऊच म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत त्याचं काम चाले. लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे, तो त्यात प्लास्टर ओतायचा, मग मेणात एकेक दात बसवायचा. कुणाचा पिवळसर, कुणाचा राखाडी, रंग जुळवून. बायको घर सोडून गेली त्या दिवशीही त्यानं हातातल्या कवळ्या पुऱ्या करून दिल्या. रडला नाही, चिडला नाही. थोरली बहीण त्याच्याकडे राहायला आली ती तेव्हापासून.

“जेवतो, झोपतो, कामाला जातो,” ताई शेजारणीला सांगायची, “पण घरात आहे की नाही ते हाक मारून बघावं लागतं.”

ओतलेलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची पाळी येते. त्या वेळात कवळीभाऊ मोबाइलवर गेम खेळायचा. गेम फुकटचा होता. त्यात डोंगर होते, किल्ले होते, राक्षस होते, आणि प्रत्येकानं आपापला योद्धा घेऊन लढायचं होतं. पदरचा एक पैसा न घालता, नुसते राक्षस मारून मारून त्यानं आपला योद्धा वाढवला होता. त्यात वर्षं गेली. कधी न पाहिलेल्या माणसांची एक टोळी त्याला सेनापती मानायची. “सेनापती, आता काय करू?” असं कुणीतरी लिहायचं आणि तो सांगायचा. दिवसभरातलं त्याचं बोलणं बहुतेक तेवढंच.

मग टोळीत एक नवा आला. वाघोबा, असं त्यानं स्वतःचं नाव ठेवलेलं. कंपनीनं नुकतेच सोनेरी पंख विकायला काढले होते, खऱ्या पैशांनी घ्यायचे. वाघोबानं पंख घेतले, तलवार घेतली आणि आल्या आल्या सेनापतीलाच लढायला बोलावलं. कवळीभाऊनं ढाल वर करेपर्यंत त्याचा योद्धा आडवा झाला होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत टोळीनं सेनापती बदललासुद्धा.

“मनाला लावून घेऊ नका, काका,” वाघोबानं लिहिलं. “तुम्ही छानच खेळता. पण फुकटात कुठवर?”

कवळीभाऊनं मनाला लावून घेतलं नाही. तेच त्याला जरा विचित्र वाटलं. मोबाइल पालथा ठेवून तो कामाला लागला.

त्याच सुमाराला दूरच्या शहरातून धाकट्या बहिणीचा फोन आला. मुलगी झाली होती.

“आपण दोघं जाऊ, विमानानं,” ताई म्हणाली. “बसमध्ये पाय सुजतात माझे.” घरखर्चातून मागे टाकलेले पैसे तिनं त्याच्या खात्यात भरले. तिकिटं तेवढी त्यानं काढायची होती.

तो काढायलाच बसला होता. तेवढ्यात पंखांची जाहिरात समोर आली. रागाच्या भरात केलं असतं तर सांगायला सोपं होतं. पण राग नव्हता, हावही नव्हती. काहीतरी वाटेल, एवढीच त्याची अपेक्षा होती. त्यानं पंख घेतले, तलवार घेतली, वर चिलखतही घेतलं आणि वाघोबाला बोलावलं. वाघोबा एका वारात गारद. टोळीनं जयजयकार केला. “मानलं, काका,” एवढं लिहून वाघोबा टोळी सोडून गेला. कवळीभाऊ बघत राहिला. आत काही म्हणता काही हललं नाही.

जेवताना ताईनं विचारलं, “तिकिटं झाली?”

“नाही. पैसे गेममध्ये घातले.”

ताईचा घास हातातच राहिला. “कुणी फसवलं तुला?”

“नाही. मीच घातले.”

“मग जिंकलास तरी का?”

“जिंकलो.”

“बरं वाटलं?”

त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचार केला. “काहीच वाटलं नाही, ताई.”

चांगला फैलावर घ्यायचा म्हणून तिनं तोंड उघडलं होतं. त्याच्याकडे बघितलं आणि तिचा आवाज खाली आला. “ती गेली तेव्हाही तू हेच म्हणाला होतास.”

“पगार झाला की काढतो तिकिटं,” तो म्हणाला.

“तोवर पोरगी रांगायला लागेल.” ताई एकटीच गेली, बसनं.

ती तिकडे असतानाच कंपनीनं काळे पंख काढले. सोनेरीपेक्षा भारी. कुणीतरी ते घेतले आणि कवळीभाऊला पुन्हा आडवं केलं. टोळीला पुन्हा नवा सेनापती मिळाला. कवळीभाऊ मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

ताई परतली तेव्हा तो बसस्टँडवर घ्यायला गेला. दांडीला धरून ती कशीबशी उतरली. पाय इतके सुजले होते की सँडलचे पट्टे लागत नव्हते. तो खाली बसला आणि पट्टा ओढू लागला. बोट टेकलं तिथे मांसात खड्डा पडला. तो लवकर भरून येईना.

“दुखतं का?”

“दुखतं तर! ऊठ आता, लोक बघताहेत.”

तो उठला नाही. दुसऱ्या पायाचा पट्टाही त्यानं लावून पाहिला. तोही लागला नाही.

घरी जाताना रिक्षात ताईनं बाळाचे फोटो दाखवले. त्यानं ते एकेक करून पाहिले, मधला एकही सोडला नाही.

“अजून खेळतोस?” तिनं विचारलं.

“खेळतो.”

ताईनं मान हलवली आणि पाय समोरच्या पिशवीवर ठेवले.