दुपारी सरकणारा ठिपका

माझ्या ताईचे यजमान भौतिकशास्त्र शिकवायचे. घराच्या तळघरात तारेला गोळे टांगून बसत, म्हणून सगळं कॉलेज त्यांना लोंबकळे सर म्हणे. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

निसर्गात म्हणे चार बलं. तिघांना एका सिद्धांतात नांदवता येईल अशी विद्वानांना आशा आहे. गुरुत्वाकर्षण तेवढं वेगळी चूल मांडून बसतं. पण केसाएवढ्या अंतरावर तेही अचानक बळावत असेल, तर चौघांचं जमेल, असं काही सिद्धांत सांगतात. ते बळावणं एकदा मोजून दाखवायचं, यावर भावोजींनी जन्म लावला. घरात पाय वाजवायचे नाहीत, दार आपटायचं नाही. ताईला तर प्रयोगाच्या खोलीत पाऊलही टाकायला बंदी. तुझं शरीर गोळ्यांना ओढतं, असं सांगायचे. लग्नानंतर तिच्या शरीराबद्दल ते एवढंच बोलले असावेत.

मग एका वर्षी आक्रीत घडलं. गोळ्यांना ओढ लागली की तारेला पीळ बसे आणि तारेवरच्या आरशावरून भिंतीवर पडणारा प्रकाशाचा ठिपका सरके. तो रोज दुपारी हिशेबापेक्षा जरा जास्त सरकू लागला. रस्त्यावरचे ट्रक, टाकीतलं पाणी, सगळं वजा करूनही सरके. भावोजींना आभाळ ठेंगणं झालं. मोठ्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं.

हिवाळ्यात ठिपका आळसावला. महिन्यागणिक कमी कमी सरके. भावोजींनी अन्न टाकलं, तार बदलली, माझ्यापाशी रडलेही. त्याच महिन्यांत ताईचे कपडे मी दोनदा आत घेऊन शिवले. तिच्या पोटात गाठ होती. भावोजी म्हणाले, परिषद होऊ दे, मग मोठ्या डॉक्टरला दाखवू. ताईनेही मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला अजून राग येतो.

परिषदेआधीच ती गेली, आणि ठिपका जागचा हलेना.

भेटायला आलेली माणसं पांगताच भावोजी कारण शोधायला लागले. शोधत शोधत तळघरातल्याच, प्रयोगाच्या भिंतीपलीकडच्या अडगळीच्या खोलीत शिरले. मी मागोमाग गेले. भिंतीला लागून एक स्टूल होतं, त्यावर अर्धवट विणकाम. हे इथे कशाला, त्यांनी विचारलं.

"दुपारी ताई इथे बसायची," मी म्हटलं. "इथून तुमचा खोकला ऐकू येतो म्हणायची. तेवढीच सोबत."

ते मटकन खाली बसले. डोळे खरंच भरून आले. मला वाटलं, चला, दगडाला पाझर फुटला.

"म्हणजे ते जुनंच गुरुत्वाकर्षण होतं," ते म्हणाले. मग उठून त्यांनी स्टुलापासून भिंतीपर्यंतचं अंतर वितीने मोजलं आणि खिशातलं पेन काढलं.

"तिचं वजन कुठल्या महिन्यात किती उतरलं, ते दवाखान्यात लिहून ठेवलं असेल ना?"