तेओफिलाची बाप्तिस्म्याची डिस्क

बोहोल बेटावरच्या एका किनारी गावात तेओफिला आउगिस एकतीस वर्षं चर्चच्या कचेरीत कारकून होती. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा कुणी सांगितलं नसताना तिने पान न् पान मोबाइलवर टिपलं. त्यात तीन वर्षं गेली. सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर होते. डिस्क बिस्किटांच्या डब्यात राहायची, सोबत बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या. दमट हवेवर तेओफिलाचा भरवसा नव्हता. माणसांवरही फारसा नव्हता.

नवे फादर आन्सेल कायम घाईत असत. एका सकाळी त्यांनी बिशपांसमोरच्या भाषणाची फाइल त्याच डिस्कवर घेतली आणि डिस्कचा दिवा लुकलुकत असतानाच वायर उपटली.

"फादर!"

"काय झालं, मानांग? निघाली की सहज."

मानांग म्हणजे थोरली बहीण. गाव तिला तेच म्हणायचं. तिने डिस्क परत जोडली. पडद्यावर प्रश्न आला : डिस्क फॉरमॅट करायची का?

"हो म्हणू या?" फादरनी विचारलं.

"हात लावू नका. हो म्हणाल, तर अर्धं गाव बाप्तिस्म्याविना राहील."

वह्यांचा तोवर भुगा झाला होता. दुसऱ्या दिवशी ती बोटीने सेबू शहरात गेली. टॉवेलात गुंडाळलेली डिस्क सबंध वाट मांडीवर होती. दुरुस्तीवाल्याने नऊ दिवस घेतले. फोटो परत मिळाले, पण फायलींची नावं गेली. दोन हजार चारशे फोटो, नुसते आकडे. त्या रात्री ती जेवली नाही.

"मी काय करू?" फादरनी विचारलं.

"लोकांना प्रायश्चित्त कोण देतं?"

"मी."

"मग मला कशाला विचारता?"

दर मंगळवारी दुपारी फादर फोटो उघडून नावं वाचू लागले, ती टाइप करू लागली. त्यांना अकरा महिने लागले.

आधी तिने त्यांना शिकवलं : फायली बंद करा, कॉम्प्युटरकडे डिस्क काढायची परवानगी मागा, 'आता काढा' असं आलं तरी थांबा.

"किती?"

"एक 'नमो मरिये' होईपर्यंत. आतलं चाक फिरायचं थांबू दे. मग वायर नाही, टोक धरून ओढा."

फादरनी प्रार्थना भराभर उरकली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

पुढे तिने दुसरी डिस्क घेतली, त्यावर सगळ्याची नक्कल उतरवली आणि ती टेकडीवरच्या मठातल्या सिस्टरांकडे ठेवली. सिस्टरांनी ती कौतुकाने खिडकीत, उन्हात मांडली. तेओफिला चढ चढून गेली, डिस्क उचलून कपाटात ठेवली, कपाटाची किल्ली पर्समध्ये टाकली आणि सिस्टरांनी दिलेला चहा पिऊन परत आली.