कंपनीचं किती, तुमचं किती

बॉनेटला हात लावण्याआधी मेजर दोन्ही हात पाठीमागं बांधून गाडीभोवती एक संथ फेरी मारायचे आणि मग मालकाकडं वळून विचारायचे, "यात कंपनीचं किती आणि तुमचं किती?"

तुमच्याही पाहण्यात असा एखादा मिस्त्री असेल, ज्याच्याकडं गाडी नेली की आधी आपलीच तपासणी होते. हॉर्न कंपनीचा? नाही. टेप? नाही. मागचे दिवे? तेही नाहीत. प्रत्येक 'नाही'ला मेजर "हां" म्हणायचे. त्या 'हां'मध्ये इतकं समाधान असायचं की आपण गाडी बिघडवण्यासाठीच विकत घेतली होती असं वाटावं.

त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. लष्कराच्या वर्कशॉपमधून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते, पण आमच्याकडं लष्करातून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. गाव उंब्रज. बायको आणि ऊस तिकडं, गॅरेज इकडं माधवनगरला. सोमवारी सकाळच्या एसटीनं यायचे, शनिवारी संध्याकाळी जायचे आणि मधले दिवस गॅरेजमागच्या खोलीत काढायचे.

माझ्या गाडीत 'माझं' बरंच होतं. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझे पाय नावापुरते आहेत. गाडी पंचविशी उलटलेली, कार्बोरेटरच्या जमान्यातली, आणि मी ती हातानं चालवते. स्टिअरिंगखाली एक लोखंडी दांडा बसवलेला आहे. ओढला की रेस, ढकलला की ब्रेक. क्लचची दांडी गिअरच्या मुठीला. या गाडीच्या जिवावर मी सांगलीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात रोज वेळेवर पोचते आणि तिथं उशिरा पुस्तकं आणणाऱ्यांना बिनदिक्कत फैलावर घेते.

गाडीचं पासिंग संपत आलं होतं. जुन्या गाडीचं पासिंग करायचं तर पीयूसीचा दाखला हवा, आणि गाडी पीयूसीत नापास झाली. धुरात विषारी वायू फार, असं मशीन म्हणालं. पासिंग झालं नाही तर गाडी दारात उभी राहणार आणि मी रिक्षानं जाणार. रिक्षानं जाणं म्हणजे रिक्षावाल्यानं काखेत हात घालून मला उचलून बसवणं. भला माणूस असला तर तो वर "सावकाश हं" म्हणतो. मला उचललेलं आवडत नाही, आणि उचलता उचलता कोणी प्रेमळ बोललेलं तर मुळीच आवडत नाही. गाडी घेतली ती यासाठीच.

मेजरनी फेरी मारली, प्रश्न विचारला, दांडा बघून "हां" म्हटलं आणि प्लग काढले. प्लग काजळीनं काळे झाले होते.

"पेट्रोल जादा पितीया," ते म्हणाले. कार्बोरेटर उतरवला, धुतला, स्क्रू फिरवून मिक्श्चर लावलं. "चार दिवस चालवा आणि मग जावा पीयूसीला."

चार दिवस चालवली, गेले, नापास झाले. परत आले तर प्लग पुन्हा काळे.

मेजर प्लगकडं बघत राहिले, मग माझ्याकडं बघत राहिले. "मॅडम, चोक वडून ठेवता का?"

"मी वीस वर्षं गाडी चालवते, मेजर."

"म्हंजे वीस वर्षं वडून ठेवता?"

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे ग्रंथालयात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी गॅरेजलाही कळलं. मी चोकला हातसुद्धा लावत नाही, हे मी त्यांना अशा आवाजात सांगितलं की शेजारचा पंक्चरवाला बाहेर आला. मेजरनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं. गाडी ठेवून जावा."

दोन दिवसांनी फोन आला, गाडी पास झाली. दोनच दिवस रिक्षात गेले होते, तरी मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. गॅरेजला पोचले आणि दाखला मागितला.

"दाखला न्हाई घेतला."

"पास झाली म्हणालात ना?"

"पास मी झालो, तुमी न्हाई," मेजर म्हणाले. "दांडा सोडवला आणि पायानं चालवत नेली. मशीनवर आकडा बघितला, एकदम झकास. पण गाडी मी चालवणार हाय का?"

मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? आकडा पास आहे, मशीन तयार आहे, पीयूसीवाला ओळखीचा आहे, आणि हे गृहस्थ हात हलवत परत येतात! मी म्हटलं, मेजर, सरकारला फक्त कागद हवाय. ते म्हणाले, "कागुद मिळंल वो. पण धूर तुमच्या मागच्या मोटरसायकलवाल्याच्या नाकात जानार. त्याच्या नाकाला कागुद लावू का?" आणि मग दांड्याकडं बोट करून म्हणाले, "घोडं हितं पेंड खातंय. दांडा काढला की गाडी ब्येस चालतीया."

"दांडा काढला तर मी गाडी कशानं चालवू? कपाळानं?"

लोकांच्या गाडीतलं 'तुमचं' म्हणजे टेप आणि हॉर्न, काढून पोत्यात भरलं तरी गाडी त्यांचीच राहते. माझ्या गाडीतला तो दांडा काढला तर ती माझी राहतच नाही. हे त्यांना सांगायचं होतं, पण मी नुसत्या कुबड्या आवळून धरल्या.

"बसा," मेजर म्हणाले. "चा घ्या. दांडा कोन काढतंय?"

पुढचे तीन दिवस त्यांनी दुसरं काम घेतलं नाही. दांड्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणारी तार नवी टाकली, तिचा ताण कमी केला, परतीची स्प्रिंग बदलली. स्वतः माझ्या सीटवर बसून, पाय वर पोटाशी घेऊन, हातानं गाडी चालवायला शिकले. पंक्चरवाल्यानं मला सांगितलं की पहिल्या दिवशी त्यांनी गाडी सरळ पाण्याच्या हौदावर घातली. बंपरवर पोचा होता. त्याबद्दल विचारलं तर मेजर म्हणाले, "त्यो आधीचाच आसंल."

हातानं चालवून ते पुन्हा पीयूसीला गेले. पुन्हा पास. आणि पुन्हा दाखला घेतला नाही!

आता पासिंग संपायला चार दिवस उरले होते. मी रडकुंडीला आले होते आणि रडकुंडीला आलेली बाई माझ्यासारखी असेल तर ती रडत नाही, भांडते. मी म्हटलं, तुम्हाला दाखला काढायचा नसेल तर स्पष्ट सांगा, सांगलीत छप्पन्न मिस्त्री आहेत.

"छप्पन्न हायत, व्हय," ते म्हणाले. "उद्या सकाळी तुमी चालवा. मी मागनं सायकलवर येतो."

सकाळी मी पीयूसीच्या टपरीसमोर गाडी उभी केली. मागं दोन रिक्षा आणि एक टेम्पो रांगेत. पीयूसीवाल्यानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. मी खिडकीतून मशीनकडं मान वाकडी करून बघत होते. आकडा चढला आणि चढतच गेला.

"न्हाई बसत," पीयूसीवाला म्हणाला.

मी मेजरकडं बघितलं. ते मशीनकडं बघतच नव्हते. खिडकीत हात टेकवून आत माझ्या हाताकडं बघत होते.

"मॅडम, हात मांडीवर घ्या."

"कशाला?"

"घ्या तर."

मी दांड्यावरचा हात काढला. इंजिनाचा आवाज जरासा खाली बसला, बारीक झाला, आणि माझा हात आपोआप परत दांड्यावर गेला. आवाज पुन्हा वर आला. तो हात तिथं असतो हे मला तोवर माहीतही नव्हतं. मी दांडा ओढत नव्हते, नुसता हात टेकत होते. पण हाताचं वजन दांड्याला पुरत होतं. गाडी उभी असतानाही मी तिला थोडी थोडी रेस देत होते, वर्षानुवर्षं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"काढा हात," मेजर म्हणाले.

"बंद पडेल!"

"पडू दे."

"पडू दे काय? मला उतरून ढकलता येते का?" मी एवढ्या जोरात ओरडले की मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायचा थांबला.

आणि मग, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मी मेजरना ते सांगितलं जे घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी ऐन गर्दीत गाडी पुलावर बंद पडली होती. मागं हॉर्नचा कल्ला. मी आत बसलेली आणि चारपाच जणांनी मला गाडीसकट ढकलत पुलाच्या पलीकडं नेलं. ढकलता ढकलता एकजण दुसऱ्याला म्हणाला, "झेपत न्हाई तर कशाला भायेर पडायचं?" काच खाली होती. त्यानं मुद्दाम ऐकवलं नव्हतं, पण मी ऐकलं. तेव्हापासून माझा हात तिथं असणार.

मेजर "अरेरे" म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. एवढंच म्हणाले, "म्हंजे दांड्यात दोष न्हाई. ह्यो हातच तुमचा हाय."

"मग?"

"मग काय? आज बंद पडली तर मी हाय, ह्यो पीयूसीवाला हाय, दोन रिक्षावालं हायत. मानसं जमल्यात तवर बघून घेऊ. घ्या मांडीवर."

मी हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं तो दाबून धरला. इंजिन खाली आलं, थरथरलं. मी डोळे मिटले. पीयूसीवाला म्हणाला, रांग खोळंबली आहे. मेजर म्हणाले, "थांब रं गड्या." गाडी बंद पडली नाही. आकडा उतरत उतरत जिथं यायचा तिथं आला आणि छपाईचा आवाज झाला. दाखला हातात पडला तेव्हा मी तो वाचलासुद्धा नाही, सरळ पर्समध्ये कोंबला.

पासिंग झालं. मला वाटलं, सुटले. पण मेजर सोडणाऱ्यातले नव्हते. मी म्हटलं, स्प्रिंग कडक करून टाका, म्हणजे हात टेकला तरी दांडा हलणार नाही. ते म्हणाले, "स्प्रिंग कडक केली तर तुमचा खांदा जाईल. हाताला सवय लावा." कॉलेज सुटलं की गॅरेजवर यायचं, गाडी चालू ठेवायची, हात मांडीवर घ्यायचा आणि मेजरचा चहा संपेपर्यंत तसंच बसायचं, असा हुकूम निघाला. मेजर चहा बशीत ओतून इतका सावकाश पीत की पेट्रोलच्या काट्याकडं बघून माझा जीव वरखाली व्हायचा. मध्येच न बघता म्हणायचे, "हात." आणि हात खरंच दांड्याकडं निघालेला असायचा.

दहाबारा दिवसांनी एकदा चहा संपला तरी ते एकदाही "हात" म्हणाले नाहीत. मग कप विसळता विसळता म्हणाले, "उद्यापासनं येऊ नका. मला दुसरी कामं हायती."

पुढच्या हिवाळ्यात एकदा गॅरेजचं शटर सोमवारी उघडलं नाही. मंगळवारीही नाही. मी दोन्ही दिवस हॉर्न वाजवून निघून गेले, मनातल्या मनात म्हातारा आळशी झाला म्हणत. बुधवारी पंक्चरवाल्यानं सांगितलं. रविवारी शेतात पाणी धरायला गेले आणि बांधावर बसले ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर मी उंब्रजला गेले. एवढ्या लांब हमरस्त्यानं एकटी मी कधीच गेले नव्हते. घर सापडलं, पण ओट्याला चार उंच पायऱ्या होत्या आणि कठडा नव्हता. मी गाडीतच बसून राहिले. गाडी बघून त्यांची बायको बाहेर आली आणि खिडकीशी वाकली.

"हाताच्या गाडीवाल्या मॅडम न्हवं तुमी?"

मी मान हलवली.

"रोज फोनवर सांगायचं, आज बाई लय भांडली म्हनून. मी म्हनायची, मग घ्या की कागुद आणि द्या लावून. तर म्हनायचं, आगं, तिच्या गाडीत दुसरा कोन बसनार हाय का चालवायला?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि आत वाकून दांडा, गिअरची मूठ, सगळं नीट बघितलं. पायऱ्यांकडं बघितलं, माझ्या कुबड्यांकडं बघितलं. "वर या" म्हणाल्या नाहीत.

"ह्यांनी जलमभर दुसऱ्यांच्या गाड्या केल्या," त्या म्हणाल्या. "मला कवा गाडीत बसवलं न्हाई. म्हनायचं, गाडी गिऱ्हाइकाची असती." मग म्हणाल्या, "नदीपतूर न्याल का वो मला? पंधरा दिस झालं, घरातच हाय."

मी आतून दार उघडलं. नवऱ्यानं दुरुस्त केलेल्या गाडीत त्या पाय जवळ घेऊन, अंग चोरून बसल्या. पुलावर पोचलो तर पुढं उसाच्या ट्रॉल्या अडकलेल्या, मागंही गाड्या लागल्या. मी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, हात मांडीवर घेतला. त्या खाली नदीकडं बघत होत्या. बघता बघताच त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला आणि ट्रॉल्या हलेपर्यंत तसाच धरून ठेवला.