पालथं परळ

गॅलरीत पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं मातीचं परळ भर दुपारी पालथं दिसलं. त्यावर एक बुलबुल चोच वासून बसला होता.

"पाणी कोणी ओतलं गं?" मी नातीला विचारलं.

"मीच. चातक चुकून प्यायला, तर त्याचं व्रत मोडेल ना, आजोबा!"

चातक फक्त पावसाचंच पाणी पितो, ही गोष्ट कालच मी तिला रंगवून सांगितली होती. तो केसाळ सुरवंट खातो, त्यातूनही त्याला पाणी मिळतं, हे मला ठाऊक होतं. पण सुरवंटांनी गोष्टीची शोभा गेली असती. दुसऱ्याच्या तहानेला व्रत म्हणणं किती सोपं असतं!

शरमून मी परळ भरलं, सुरवंटांचंही सांगितलं.

"म्हणजे चातकाचं व्रत खोटं, हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

बुलबुल घटाघटा पीत होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो.