मोठ्या मायनं रेडिओवर सोडलेली जागा

टीव्ही अजून आमच्या भंडाऱ्याकडे पोचायचा होता. गल्लीत रेडिओ एकच, तो आमच्या घरी. पण त्यावर आमचं कोणी नव्हतं. सिनेमाची गाणी हिंदीत, बातम्या पुस्तकी मराठीत. तो बातम्यांचा माणूस इतकं स्वच्छ बोलायचा की याला कधी ठसका तरी लागतो का, असं मला वाटायचं. 'मले', 'तुले' तो मेला तरी म्हणायचा नाही. शाळेत आम्ही म्हटलं की गुरुजी कान धरायचे. आपली बोली म्हणजे घरात नेसायचं जुनेर, बाहेर नेलं तर लोक हसतील, असं आम्हीच मनाशी धरून बसलो होतो.

आणि एका उन्हाळ्यात रेडिओचे लोक भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पलीकडं, थेट आमच्या गावात आले. त्यांना रोवणीची गाणी हवी होती, तीही आमच्याच बोलीत. वैशाखात भातरोवणीची गाणी मागणारे शहरातलेच असणार! गावानं एकमुखानं मोठ्या मायकडं बोट दाखवलं. मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता, आणि तिच्यासारखी जीभही नव्हती.

अडचण एकच होती. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावताना म्हणायचं हे गाणं दोघींचं असतं. एक ओळ टाकते, दुसरी उचलते. दुसरीची ओळ पहिलीनं म्हणायची नाही, असा आमच्याकडं नेम. एकीनंच दोन्ही म्हटल्या तर दुसरी देवाघरी गेली, असं समजतात. मोठ्या मायची जोडीदारीण म्हणजे माझी आई, आणि या दोघी जावा वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. वाटणीत तलावाखालची बांधी, म्हणजे आमचं सगळ्यात चांगलं धानाचं शेत, आमच्या वाट्याला आली होती. मोठी माय नवरी होऊन आली तेव्हापासून त्याच बांधीत रोवत होती. रागाच्या भरात ती सगळ्यांदेखत बोलून गेली की, यापुढं त्या बांधीत मी पाय ठेवणार नाही. आईच्या ते जिव्हारी लागलं. अंगण एक, विहीर एक, आणि तोंडं दोन दिशांना. बरं, भाजीची वाटी मात्र दोघीही पाठवायच्या, माझ्या हातून. मला दोघींचाही राग यायचा, आणि दोघींवाचून करमायचंही नाही.

शाळेच्या ओट्यावर रेडिओवाल्यांनी मशीन मांडलं. मोठी माय ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि आल्या आल्या पुस्तकातलं बोलू लागली. "मी आपणांस" इथवर गेली आणि अडकली. रेडिओवाल्यांचे साहेब हसून म्हणाले, घरी बोलता तसंच बोला. तिला काही पटेना. रेडिओत 'मले' चालतं, हे तिनं त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग पदर खोचला, बांधीत उभी असल्यासारखी कमरेत वाकली आणि ओळ टाकली,

"पऱ्हे उपटले, बाई, कुठी नेऊन रोवू?"

आणि थांबली. आई गर्दीत मागं उभी होती. साऱ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. आईनं तोंड फिरवलं. साहेब म्हणाले, पुढची ओळही तुम्हीच म्हणा.

"ते ओळ माही नोहे," मोठी माय म्हणाली. "तिची हाय. जागा राहू द्या."

साऱ्या गाण्यात ती दर ओळीनंतर तशीच थांबत गेली. साहेब भला माणूस, त्यानं जागा राहू दिल्या.

गाणं लागायचं त्या संध्याकाळी अख्खी गल्ली आमच्या अंगणात. मोठी मायही आली, पण बसली आपल्याच पायरीवर. रेडिओतून तिचा आवाज आला, आमची बोली आली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि त्याच पदरानं डोळे पुसत होत्या. ओळ संपली आणि रेडिओ गप्प. सेल गेले समजून बाबांनी त्याला एक चापट मारली. तेवढ्यात पुढची ओळ सुरू झाली, मग पुन्हा सामसूम. पहिली ओळ फिरून आली, पऱ्हे कुठी नेऊन रोवू, आणि या खेपेला आत चुलीपुढून आईचा आवाज आला,

"माह्या बांधीत ये, बाई, संगं संगं रोवू."

मग रेडिओनं जिथं जिथं जागा सोडली तिथं तिथं आई म्हणत गेली. भात लागल्याचा वास आला, पण कोणी उठलं नाही. गाणं संपलं तशी मोठी माय पायरीवरून उठली आणि आमच्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"आवाज बसला तुहा," ती आत बघत म्हणाली. "वर्सभर गायली नाहीस काहून?"

आईनं चुलीवरून नजर काढली नाही.

"कोनासंग गाऊ?" ती म्हणाली.